वाळूतला माळ

हवाना, इलिनॉय, अमेरिका

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मक्या-सोयाबीनच्या मुलखात ही वाळू आली कुठून, असं तू विचारलंस. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचे लोंढे इलिनॉय नदीच्या खोऱ्यातून गेले. मागे राहिलेली वाळू वाऱ्याने उचलली आणि तिचे उंचवटे रचले. पाऊस इथे बरा पडतो, पण वाळूत पाणी ठरत नाही. जगायचं ते मुळांच्या जोरावर.

आणि इथे जगतं कोण, तर फड्या निवडुंग! आपल्याकडच्याच कुळातला, फक्त हा जमिनीलगत पसरतो. थंडी पडू लागली की अंगातलं पाणी कमी करतो, सुरकुततो, आडवा होतो. बर्फ वितळल्यावर पुन्हा टरारतो. आपल्याकडच्या उन्हाळी नावाच्या रोपाची एक सख्खी बहीणही इथे आहे, पिवळट-गुलाबी फुलांची. एक गवत तर थेट कुसळीच्या चालीचं. त्याच्या बियांचं लांब कुसळ दमट हवेत उलगडतं, कोरड्या हवेत पिळतं आणि बी फिरत फिरत स्वतःच वाळूत रुततं. पेरणारा कुणी लागत नाही.

गवत नाहीसं झालं की वारा तिथे खळगा खोदतो. पहिली काही वर्षं तो उघडाच दिसतो. मग कडेने गवताची आडवी खोडं आत सरकतात, वाळू धरतात, त्या आसऱ्याला इतर रोपं येतात. हेन्री ग्लीसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये इलिनॉयच्या याच वाळूतल्या वनस्पतींवर लिहिलं. पुढे १९२६ मध्ये त्याने ठामपणे मांडलं, की वनस्पतींचा समूह हा काही एकसंध जीव नव्हे. जिचं बी जिथे पोचतं आणि जिला तिथलं मानवतं, ती जात तिथे येते. या खळग्यांपाशी उभं राहिलं की मला ते मनोमन पटतं.

वसंतात काही ठिकाणी मुद्दाम आग लावतात. गवताचे डोळे जमिनीत सुरक्षित असतात, त्यामुळे काळ्या राखेतून ते लगेच फुटतं. झुडपं मात्र मागे हटतात. वाईट वाटतं ते जवळच्या पाइनच्या रांगा पाहून. उजाड जमीन सुधारायची म्हणून त्या कळकळीने लावल्या गेल्या, पण त्यांच्या दाट सावलीत यातलं काहीच टिकत नाही.

म्हणून आपल्याकडच्या माळावर झाडं लावू पाहणाऱ्या तुमच्या गटाला माझं कळकळीचं सांगणं आहे. माळावर झाडांसाठी खड्डे खणायची घाई करू नका. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. एक पावसाळा तिथे गुरं सोडू नका आणि पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं आणि आणखी काय काय आपणहून उगवतं ते टिपून घ्या. ती यादी मला नक्की पाठव.

तुझाच,
मित्र