‘बासमती’ म्हणताना नेमका विचार कशाचा?

मा. संपादक,

विचाराचा आशय, म्हणजे तो विचार कशाबद्दल आहे हे, बाहेरच्या जगावर ठरत असेल तर माणसाला स्वतःचे मनही ओळखता येणार नाही, असे रविवारच्या पुरवणीतील लेखात म्हटले आहे. धोका आहे, पण लेखकाने दाखवला तिथे नाही.

तत्त्वज्ञ हिलरी पटनम (१९७५) आणि टायलर बर्ज (१९७९) यांचे म्हणणे असे: डोक्यात सगळे तंतोतंत सारखे असूनही भोवतालचा पदार्थ किंवा भाषिक समाज वेगळा असेल, तर शब्दाचा अर्थ (पटनम) आणि विचारही (बर्ज) वेगळा होतो. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातला बेळगावी बासमती आणि डेहराडूनचा बासमती ही वेगळी वाणे. फक्त पहिलेच ठाऊक असलेला माणूस डेहराडूनला स्थायिक झाला, आणि फरक त्याच्या लक्षातच आला नाही. (बेळगावच्या माणसाच्या नाकावर हा अन्याय आहे, पण वादापुरते धरू.) काही वर्षांनी ‘बासमती’ म्हणताना त्याच्या मनात असतो तो तिकडचा तांदूळ. बदल आतून जाणवत नाही. मग आपण कशाचा विचार करतो हे त्याला कळते कसे? पॉल बोघोसियन यांनी १९८९ मध्ये बोट ठेवले ते इथे.

बर्ज यांचे १९८८ चे उत्तर मात्र लेखात नाहीच. ‘मी आत्ता बासमतीचा विचार करतो आहे’ असे म्हणताना बासमतीचा तो विचार त्या विधानातच केला जातो. त्याचा आशय बदलला की विधानाचाही बदलतो. चूक शिरायला फटच नाही. त्यासाठी दोन तांदळांतला फरक ओळखता येण्याची गरज नाही.

पण हे संरक्षण चालू क्षणापुरते. ‘बासमती ही आमच्या शिवारातली जात; या पोत्यात बासमती आहे; म्हणजे या पोत्यात आमच्या शिवारातली जात आहे’ असा तर्क त्याने केला, आणि पहिले वाक्य जुन्या आठवणीतून आले असेल, तर ‘बासमती’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो, तीनऐवजी चार पदे होतात आणि निष्कर्ष निघत नाही. डोळे मिटून कितीही विचार केला तरी हा दोष सापडत नाही; तांदूळच तपासावा लागतो. आपण काय विचार करतो हे कळते, दोन विचार एकच आहेत की नाहीत हे कळत नाही. लेखाने हे सोडून भलतेच धरले.

मायकेल मॅकिन्सी (१९९१) यांचा आक्षेप निराळा: पाण्याचा विचार करतो हे मला बसल्या जागी कळते; पाण्याचा विचार करायला जगात पाणी असावे लागते; मग पाणी आहे हेही बसल्या जागी कळायला हवे! इथे दुसरी पायरी कच्ची आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनचा सिद्धांत जाणणारा रसायनतज्ज्ञ पाणी नसलेल्या जगातही पाण्याचा विचार करू शकेल, हे खुद्द बर्ज यांना मान्य आहे.

— तत्त्वज्ञानाचा एक अध्यापक, बेळगाव