माझ्या पगाराचा हिशेब

लेस्टर, 11 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "शाळेतल्या तुझ्या नोकरीच्या जाहिरातीत तर वर्षाला जवळजवळ पंचवीस हजार पौंड होते, मग महिन्याला हातात साडेबाराशेच कसे?" आणि मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. त्यावर आईचा आवाज जो उतरला, तो अजून कानात आहे. घरात काही बिनसलंय किंवा मी काही लपवतेय, असंच तुम्हाला वाटलं असणार. तसं काही नाही. फोनवर एवढे आकडे सांगून डोक्यात शिरत नाहीत, म्हणून कागदावर मांडते. शेजारचे काका बुधवारी बडोद्याला निघताहेत, त्यांच्याबरोबर देते.

बाबा, पेन्सिल घ्या. जाहिरातीतला आकडा 24,796 पौंडांचा. तो खराच आहे, पण आठवड्याला 37 तास आणि वर्षभर काम करणाऱ्याचा. तासाला 12.85 पौंड पडतात. माझी नेमणूक 30 तासांची. पावणेनऊ ते सव्वातीन, मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी बिनपगारी. म्हणून 24,796 ला 37 ने भागून 30 ने गुणा. 20,105 येतील.

खरी मेख पुढे आहे. माझा करार 'टर्म टाइम ओन्ली', म्हणजे शाळा भरते तेवढ्यापुरता. मुलांचे 190 दिवस, म्हणजे 38 आठवडे, आणि आमच्या प्रशिक्षणाचे 5 दिवस, असे 39 आठवडे काम. त्यात हक्काच्या रजेचे आठवडे मिळवून माझ्या करारात पगाराचे 44.3 आठवडे धरलेत. वर्षाचे 52.14. मघाचे 20,105 त्या प्रमाणात कापले की 17,080 च्या आसपास उरतात. त्याचे बारा भाग केले की महिना 1,423. त्यातून पेन्शनचे 78, इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून नव्वदेक. राहिले साडेबाराशे. एक पेनीही कुठे गायब झालेली नाही, आणि ह्यांनी माझ्या पगाराला कधी हात लावलेला नाही.

आई, तू म्हणतेस, "सहा आठवडे उन्हाळ्याची सुट्टी, तरी पगार येतो, नशीबवान आहेस." ऑगस्टमध्ये खात्यात पैसे येतात हे खरं. पण थोड्या रजेचे सोडले तर ते सुट्टीचे नसतात गं. सप्टेंबरपासून जुलैपर्यंत मी जे कमावते, त्यातूनच दर महिन्याला थोडं मागे ठेवून तिथे टाकतात. तुझ्या बालवाडीत मे महिन्याचा पगारच नसायचा आणि तू गच्चीवर कुरडया घालून घरोघर द्यायचीस, ते आठवतं ना? माझं तेच आहे, फक्त तो कोरा महिना बारा महिन्यांत वाटून टाकलाय. काकूंची सून गुजरात सरकारच्या 2023 च्या योजनेत ज्ञानसहायक, म्हणजे कंत्राटी शिक्षिका, म्हणून लागली, प्राथमिकला महिना 21,000 रुपये आणि करार अकरा महिन्यांचा. तेव्हा बाराव्या महिन्याचं काय, असं बाबांनी लगेच विचारलं होतं. माझ्या बाबतीतही तोच प्रश्न विचारायचा.

आणि बाबा, रावपुऱ्यात कुणी विचारलं तर "लेक इंग्लंडला शिक्षिका आहे" असं सांगू नका. शिक्षकांची पगारश्रेणी इथे वेगळी. मी टीए आहे, वर्गातली सहायक. तेच सांगा, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

सध्या माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा आहे. तो बोलत नाही. त्याच्यासाठी एक पाटी आहे, तिच्यावर वेल्क्रोने चित्रं चिकटवायची, डावीकडे 'आता', उजवीकडे 'मग'. सप्टेंबरपासून रोज मीच पाटीवरचं चित्र सोडवून त्याच्या हातात द्यायचे. गेल्या मंगळवारी दप्तराची चेन अडकली तेव्हा त्याने स्वतः 'मदत'चं चित्र ओढून काढलं, वेल्क्रोचा तो चर्रकन आवाज झाला, आणि माझ्या तळहातावर ठेवलं. चेन सोडवताना माझी बोटं थरथरत होती. त्याची आजी मेहसाण्याकडची. संध्याकाळी दारात मी तिला माझ्या बडोद्याच्या गुजरातीत हे सांगितलं तर तिने पदराने डोळे पुसले आणि रस्त्याला लागेपर्यंत "आवजो बेन, आवजो बेन" करत राहिली.

या मुलाची टॅक्सी साडेआठला येते. माझा पगार पावणेनऊला सुरू होतो. तो उतरतो तेव्हा मी फाटकात नसले तर तो तिथेच जमिनीवर बसतो, उठत नाही. म्हणून मी रोज साडेआठला जाते. पंधरा मिनिटं म्हणजे काही नाही, असं मलाही वाटायचं. मग तुमच्यासारखा हिशेब केला. 190 दिवसांचे साडेसत्तेचाळीस तास होतात, म्हणजे 610 पौंड. गेल्या आठवड्यात मी शाळेला लेखी दिलंय की ही पंधरा मिनिटं करारात धरा. युनिसन या आमच्या कर्मचारी संघटनेच्या बाईंनी पत्राचा मसुदा बघून दिला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या मुलाला फाटकात कुणीतरी लागतं हे शाळेलाही मान्य आहे. मग तो वेळ कामाचा नाही, असं म्हणता येणार नाही.

दरही वाढायला हवेत. देशातलं किमान वेतन आत्ता तासाला 12.21 आहे, एप्रिलपासून 12.71 होणार. माझे 12.85 त्याच्या किती जवळ आहेत बघा. आमच्यासारख्या शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी 2009 मध्ये स्वतंत्र मंडळ केलं होतं, ते 2011 च्या कायद्याने मोडलं. आता ते पुन्हा आणताहेत. माझी त्यावर आशा आहे.

दिवाळीला का येत नाही, त्याचंही उत्तर या करारातच आहे. शाळा चालू असताना आम्हाला रजा घेता येत नाही. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आठवड्यात येते, कधी हुकते. आली तरी त्या एका आठवड्यात येऊन परत फिरायचं, म्हणजे तुमच्याजवळ धड चार दिवस बसणंही होत नाही. शिवाय शाळांच्या सुट्टीत तिकिटं सगळ्यात महाग असतात. म्हणून महिना शंभर पौंड बाजूला टाकतेय. जुलैच्या शेवटी येईन आणि चांगली तीन आठवडे राहीन.

बाबा, माझ्यासाठी एफडी मोडायचा विचार केलात असं दादाकडून कळलं. मोडू नका. आमचं भागतं. आईच्या मोतीबिंदूचं काम आधी करून घ्या. डॉक्टर तारीख देतील ती मला त्याच दिवशी कळवा, मी शाळेतून सुटल्यावर लगेच फोन करीन. माझे सव्वातीन म्हणजे तुमचे रात्रीचे पावणेनऊ, मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे गेली की पावणेआठ.

तुमची लेक