तो आडवा होऊन झोपेपर्यंत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. घोडा येऊन चार दिवस झाले, तू रोज तासभर त्याच्यापाशी थांबतेस, आणि तो तुझ्याकडे पाठ करून कोपऱ्यात उभा. मध्येच खिंकाळतो, अर्धा चारा खाली टाकतो. ‘आई, मी त्याला आवडतच नाही,’ म्हणालीस. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

अगं, बावीस वर्षांचा आहे तो. ज्या सोबत्याशेजारी तो रोज चरला, ज्याच्या मानेला मान घासली, तो एका दिवसात दिसेनासा झाला. तो खिंकाळतो ते त्याला हाक मारायला. तुझ्यावर त्याचा राग नाही.

आल्या दिवसापासून त्याला नवा, पौष्टिक खुराक सुरू केलास, ते मात्र आजच थांबव. हीच चूक मी केली होती. तू तेव्हा लहान होतीस. म्हातारी घोडी आणली, बरगड्या बघून जीव कळवळला आणि पहिल्याच संध्याकाळी टोपलंभर दाणा पुढे ठेवला. दुसऱ्या रात्री ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, घामाने निथळली. लीद बंद. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही. डॉक्टर पहाटे आले, ती वाचली. पण त्या रात्री तिच्या पोटाला कान लावून मी बसले होते, आणि आत काहीही वाजत नव्हतं. ती शांतता मला अजून आठवते.

घोड्याच्या आतड्यात चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात आणि ते सवयीच्या चाऱ्यावर पोसलेले असतात. चारा एकदम बदलला की ते मरतात, पोट बिघडतं. म्हणून जुन्या मालकाकडून त्याचा नेहमीचा चारा मागवून घे. आधी तोच दे, मग रोज थोडा थोडा नवा मिसळत 10 ते 14 दिवसांत पूर्ण बदल कर. पाणी बादलीनेच पाज, म्हणजे किती प्यायला ते कळेल. दिवसाला 25 ते 45 लिटर तरी जायला हवं. नव्या पाण्याची चव न आवडल्याने कितीतरी घोडे पाणी कमी पितात, आणि मग पोटात चारा अडकतो.

खाली पडलेला चारा हातात घेऊन बघ. अर्धवट चावलेले, लाळेने ओले गोळे असतील, तर रुसवा नाही, दाढा दुखताहेत. या वयात दाढा झिजतात, काही पडतात, उरलेल्यांना धारदार कडा येतात. डॉक्टरांकडून तोंड तपासून घे आणि तोवर चारा बारीक करून, भिजवून दे. लांबचा प्रवास करून आलाय, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ताप बघ. 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर वाट बघू नकोस, प्रवासात बांधून ठेवलेल्या घोड्यांच्या छातीत संसर्ग होतो.

दोन-तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून वेगळा ठेव, पण एखादा तरी त्याला दिसत राहील असा. मग कुंपणापलीकडून ओळख होऊ दे. हुंगतील, किंचाळतील, पाय आपटतील, आपापसात ठरवतील. एकदम कळपात सोडलास तर मार खाणारा म्हाताराच असतो.

तू त्याच्यापाशी थांबतेस ते चांगलंच आहे, पण त्याच्याकडे टक लावून बघू नकोस. खरारा घे, लांबच काहीतरी काम करत राहा. रोज त्याच वेळी जा, त्याच वाटेने. समोरून थेट किंवा मागून जाऊ नकोस, तिथलं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. तो आपणहून एक पाऊल पुढे आला तरी हात लगेच उचलू नकोस. हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. लहानपणापासून तुझे हात प्रेमाने आधी धावतात.

आणि एक. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. नव्या जागी बरेचसे घोडे किती तरी दिवस आडवे होत नाहीत, कारण आडवा झालेला घोडा पळू शकत नाही. खाली जाड, कोरडं गवत अंथर, त्याचे सांधे दुखत असतील. उभ्या उभ्या त्याचे गुडघे वाकताना दिसले, किंवा दोन आठवडे तो आडवाच झाला नाही, तर डॉक्टरांना सांग.

सकाळी गेलीस की आधी त्याची शेपूट आणि कूस बघ. तिथे गवताच्या काड्या चिकटलेल्या दिसल्या, की मला लगेच फोन कर, कितीही लवकर असो. मी जागीच असते.

तुझी,
आई