एकच तक्ता सगळ्यांना कसा चालेल?

महोदय,
मासुंदा तलावाकाठी सकाळी चालणाऱ्या बायकांच्या वजन घटवण्याच्या गटात मी चार महिने होते. सोबतीने चालणं, दर रविवारी वजनकाट्यावर उभं राहणं, कुणी आली नाही तर तिला फोन करणं, याचा मला खरंच उपयोग झाला. सहा किलो उतरले.

आहाराचा सल्ला मात्र भीतीदायक होता. सरसकट सगळ्यांना एकच तक्ता: पोळी-भात बंद, रात्री फक्त पावडरीचा शेक. आमच्यातली एक मधुमेहाची गोळी घेते, तिलाही तोच. तिसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. रक्तातली साखर ५८ पर्यंत खाली उतरली होती. काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण तोडलं की असं होतं. औषधं कोणती, हे आधी कुणी विचारलंच नाही!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि आहार रोज १००० कॅलरींखाली नेऊ नये असं म्हटलं आहे. महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांत अशा गटांसाठी महिन्यातून एकदा तरी आहारतज्ज्ञ उपलब्ध करून द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे