सहा पराभव, प्रत्येकी एका गोलाने

महोदय,

बिहारमधल्या राजगीरला झालेला आशिया चषक जिंकल्यापासून भारतीय पुरुष हॉकी संघ 'अपेक्षेला उतरला' असे सगळीकडे वाचायला मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये अंतिम सामन्यात कोरियाला 4-1 असे नमवले, आठ वर्षांनी चषक परत आला, 2026 च्या विश्वचषकाचे तिकीटही हाती पडले. आनंदच आहे. मात्र पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर मोसम सुरू झाला तेव्हा अपेक्षा युरोपातल्या संघांना त्यांच्याच मैदानावर टक्कर देण्याची होती, आणि तिथला निकाल जूनमध्येच लागला होता. फेब्रुवारीत भुवनेश्वरला प्रो लीगच्या, म्हणजे अव्वल देशांच्या वार्षिक लीगच्या, आठ सामन्यांत 15 गुण कमावणारा संघ युरोपच्या दौऱ्यात सलग सात सामने हरला. शेवटच्या दिवशी बेल्जियमवर 4-3 असा विजय मिळाला, तरी नऊ संघांत आठवा क्रमांक. आणखी एक पायरी घसरलो असतो तर लीगमधूनच बाहेर.

या सातपैकी सहा पराभव एकेका गोलाचे आहेत. नशीब एकदा-दोनदा आडवे येते. सहा वेळा तेच घडत असेल तर दोष खेळात शोधावा लागतो. तो मुख्यतः पेनल्टी कॉर्नरमध्ये, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू ढकलून मिळणाऱ्या गोलाच्या संधीत, सापडतो.

पॅरिसला आपण 15 गोल केले, त्यातले 10 एकट्या ड्रॅग फ्लिकर हरमनप्रीत सिंगचे. कॉर्नरवर पहिला फटका हिटचा असेल तर चेंडू गोलातल्या 460 मिलिमीटरच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये. चेंडू काठीने ओढत फेकण्याला, म्हणजे फ्लिकला, ही अट नाही, म्हणून ड्रॅग फ्लिकरचा एवढा भाव. पण फ्लिकरच्या आधी दोन हात लागतात. गोलखांबापासून 10 मीटरवरून चेंडू ढकलणारा आणि गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे 'डी'च्या, बाहेर तो अडवणारा स्टॉपर. ढकललेला चेंडू किंचित उसळला किंवा स्टॉपरच्या काठीखाली पूर्ण थांबला नाही, तर फ्लिकरचे पाऊल अर्ध्या क्षणाने चुकते आणि तेवढ्यात बचावातला पहिला रशर, म्हणजे धावून येणारा खेळाडू, त्याच्या अंगावर येतो. गोलरेषेमागून धावून येणारे चौघे आणि गोलरक्षक एवढेच बचावाला असतात, पण फ्लिक कोण मारणार हे आधीच पक्के ठाऊक असेल तर तेवढे पुरतात. यावर उपाय नवा नाही: दुसरा फ्लिकर शेजारी उभा ठेवा, अधूनमधून चेंडू बाजूला सरकवून खांबापाशी काठीने त्याची दिशा बदलून गोल साधा (डिफ्लेक्शन). जुगराज, रोहिदास, संजय हे तिघेही फ्लिक मारणारे आहेत. मग हरमनप्रीत मैदानात असताना चेंडू त्यांच्याकडे इतका क्वचित का जातो?

दुसरी गळती चौथ्या सत्रातली. नेदरलँड्सविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत आपल्याला हरवणारा गोल शेवटच्या पंधरा मिनिटांतला. पाय जड झाले की आपली बचावफळी चेंडू मधूनच बाहेर काढायला जाते. समोरचा संघ वर येऊन दाबत असतो, पास तुटतो, आणि चेंडू थेट 'डी'च्या तोंडाशी. त्या वेळी लांब स्कूप टाकावा, म्हणजे चेंडू उचलून हवेतून दूर फेकावा, नाहीतर चेंडू बाजूच्या रेषेला नेऊन वेळ काढावा. त्यात दमलेल्या पायांनी उशिरा केलेला टॅकल हिरव्या कार्डाला आमंत्रण देतो. दोन मिनिटे दहा जणांनी खेळणे एरवी निभावते, 57व्या मिनिटाला नाही.

राजगीरला ही दुखणी झाकली गेली, कारण तिथे मैदानी गोल भरपूर झाले. अंतिम सामन्यात सुखजीतने पहिल्याच मिनिटाला आणि दिलप्रीतने दोनदा गोल केले, कॉर्नरवर एकच, तोही रोहिदासचा. आघाडीफळी सुधारली आहे हे मान्य. पण त्याच स्पर्धेत चीनविरुद्ध 4-3 आणि जपानविरुद्ध 3-2 असे काठावरचे सामनेही झाले, त्यांचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. गोलरक्षक श्रीजेशच्या निवृत्तीनंतर राजगीरला गोलजाळ्याची जबाबदारी कृशन पाठक आणि आपल्या मुंबईच्या सूरज करकेरावर होती. त्यांना एवढ्यात दोष देणे घाईचे ठरेल.

एक विनंती. क्रिकेटच्या खाली हॉकीची बातमी चार ओळींत बसवताना नुसता गोलफरक देऊ नये. किती कॉर्नर मिळाले, त्यांतून किती गोल झाले, चौथ्या सत्रात किती खाल्ले आणि कार्डे किती, एवढे चार आकडे एका ओळीत मावतात. चर्चगेटच्या स्टेडियममध्ये पायऱ्यांवर बसणारा जुना प्रेक्षक हे बोटांवर मोजतोच. घरी पेपर वाचणाऱ्यालाही ते कळू द्या. ऑगस्टमधल्या विश्वचषकाआधीच्या प्रत्येक सामन्यापासून सुरुवात करता येईल.

— एक हॉकीप्रेमी वाचक, माहीम, मुंबई