गर्दीतल्या कलाकारांचा करार

महोदय,

बेस फ्लॉवर्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. जुने हॉलीवूडपट आवडीनं पाहणाऱ्यांनी तिला पाहिलेलं मात्र नक्की असेल, कधी पार्टीतली पाहुणी म्हणून, कधी नाट्यगृहातली प्रेक्षक म्हणून. टेक्सासची ही उंच, देखणी बाई १९२३ पासून चार दशकं ३५० हून अधिक चित्रपटांत उभी राहिली, बहुतेकदा श्रेयनामावलीत नावाशिवाय. भारी पोशाखही स्वतःचेच आणायची.

मला तिचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. १९४५ मध्ये एक्स्ट्रांनी, म्हणजे गर्दीतल्या कलाकारांनी, आपलं वेगळं ‘स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड’ (कामगार संघटना) उभारलं, त्याच्या संस्थापकांत ती होती. उपाध्यक्षपदही तिनं सांभाळलं. तिला काम सतत मिळत होतं, तरीही रोजच्या कामाची खात्री नसलेल्यांसोबत ती उभी राहिली!

२०२३ च्या हॉलीवूड संपात हाच वर्ग पुन्हा चर्चेत आला. शरीराचं स्कॅन करून घेतलेली डिजिटल प्रतिकृती संमतीशिवाय आणि मोबदल्याशिवाय वापरू नये, ही मागणी तिथे करारात उतरली. मुंबईतल्या ज्युनिअर आर्टिस्टांच्या करारातही ही अट स्पष्ट, लेखी आणि मराठी-हिंदीत हवी. आपल्या चित्रपट पुरवणीनं हा विषय लावून धरावा, ही विनंती.

– एक वाचक, मुंबई