कठड्यापाशी उभे राहण्याचे पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साताऱ्यातील गच्चीवरच्या हॉटेलांवर आपण पानभर मजकूर दिला होता. कुठे दिव्यांच्या माळा आहेत, कुठे गझला लावतात, कुठली बिर्याणी चांगली, सगळे आले. एक माहिती मात्र राहिली. काही न खाता तिथे पाच मिनिटे उभे राहू देतात का? मी ते करून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी आणि सौ. अशाच एका हॉटेलच्या गच्चीवर गेलो. भूक नव्हती, घरी खिचडी झाकून ठेवली होती. यवतेश्वरच्या घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे आणि अंधारात काळा होत जाणारा अजिंक्यतारा, एवढेच बघायचे होते. शुक्रवार पेठेत आमच्या घरासमोर पाच मजली इमारत उभी राहिल्यापासून आम्हाला किल्ला दिसत नाही. आता तिथे कुणाच्या तरी न्हाणीघराची खिडकी दिसते. तर कठड्यापाशी जाऊन टेकतो न टेकतो तोच वेटर आला.

“काका, बसा की. मेनू देतो.”

“बसत नाही रे बाळा. पाच मिनिटं बघतो अन् जातो.”

“तसं नाय चालत काका. माणशी अडीचशेची ऑर्डर घ्यावी लागती. मालक ओरडतात.”

पोरगं अदबीने बोलले, त्याच्यावर राग नाही. मालकावरही फारसा नाही. तो भाडे भरतो, लाइट बिल भरतो, त्याच्या खुर्च्या अडवून आम्ही डोंगर का बघावा? पण जिना उतरताना सौ. म्हणाल्या, “आन् डोंगर काय ह्यांनी बांधलाय व्हय?” या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

थोडेफार उत्तर यंदा उन्हाळ्यात लंडनला मिळाले. लेक-जावई तिथे असतात, दीड महिना राहून आलो. एके दिवशी लेक आम्हाला सेंट पॉल कॅथीड्रल बघायला घेऊन गेली. ते 1710 साली पुरे झाले, घुमट 111 मीटर उंच. आत जायला तिकीट, आणि घुमटाच्या सर्वांत वरच्या सज्जापर्यंत 528 पायऱ्या. सौ.चे गुडघे मंगळवार तळ्यापर्यंत जाऊन येतानाच बोलतात, तेव्हा तो बेत पायथ्याशीच संपला. लेक म्हणाली, चला, समोरच्या मॉलमध्ये जाऊ. मला वाटले हिला काही खरेदी करायची असेल.

‘वन न्यू चेंज’ नावाची ही इमारत 2010 मध्ये उघडली. खाली दुकाने, वर कचेऱ्या. काचेच्या लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेलो आणि दार उघडताच तो अख्खा घुमट समोर. बाजूला टेबले मांडलेले, चांगले महागातले रेस्टॉरंट. बाकीची गच्ची मोकळी आणि फुकट. आधी नाव नोंदवायला नको, तिकीट नको, ‘काय घेणार’ म्हणून विचारणारे कुणी नाही. जवळच्या कचेऱ्यांतली मंडळी कागदात गुंडाळलेले सँडविच खात कठड्याला टेकून उभी होती. आम्हीही पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. एक सुरक्षारक्षक दोनदा शेजारून गेला, दोन्ही वेळा नुसता हसला. तासभर तरी थांबलो. शेवटी लेकीनेच जाऊन रेस्टॉरंटच्या काउंटरवरून तीन कॉफ्या आणल्या, कारण ऊन उतरले आणि गार वारा सुटला. म्हणजे धंदाही झाला! आमच्यासारखी दहा फुकटी माणसे वर आली की त्यातली दोन-तीन काहीतरी घेतातच, हे साताऱ्यातल्या चहाच्या टपरीवाल्यालाही कळते.

हा घुमट लांबूनही दिसतो तो आपोआप नव्हे. सेंट पॉलच्या आसपास किती उंच बांधायचे याची बंधने तिथल्या नगरपालिकेने 1930 च्या दशकापासून पाळली आहेत, पुलावरून, नदीकाठावरून घुमट दिसत राहावा म्हणून. जागा ज्याची त्याची, पण तिच्यापलीकडे दिसणारे जे दृश्य आहे त्यात गावाचाही वाटा आहे, असे त्यांनी धरले. मी पस्तीस वर्षे भूगोल शिकवला. पाचवीच्या मुलांना दिशा शिकवायला शाळेच्या गच्चीवर न्यायचो. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला जरंडा. होकायंत्राची गरजच पडत नसे. आज त्याच गच्चीवरून दक्षिणेला एक होर्डिंग दिसते, आणि गच्चीला कुलूप असते ते वेगळेच.

लंडनमध्ये सगळेच गोड आहे असे नाही. फेनचर्च स्ट्रीटवर ‘वॉकी टॉकी’ म्हणून ओळखली जाणारी 160 मीटर उंच इमारत आहे. तिला परवानगी मिळवताना वरच्या मजल्यांवर लोकांसाठी बाग देण्याचे कबूल केले होते. जानेवारी 2015 मध्ये ती ‘स्काय गार्डन’ खुली झाली, प्रवेश फुकट. पण आधी वेळ ठरवून नोंदणी, दाराशी विमानतळासारखी तपासणी, आणि आत रेस्टॉरंटे नि बार. ही कसली बाग, असे तिथल्याच लोकांनी तेव्हा खडसावून विचारले. पुढे 2019 मध्ये त्याच रस्त्यावर 120 क्रमांकाच्या इमारतीच्या पंधराव्या मजल्यावर दुसरी गच्ची-बाग उघडली, तिला नोंदणीची अट ठेवलेली नाही. पहिल्या खेपेला फसले तर दुसऱ्या खेपेला करार नीट लिहून घ्यावा, एवढे आपणही शिकायला हरकत नाही. ‘जनतेसाठी’ असा मोघम शब्द चालायचा नाही. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, नोंदणी लागणार की नाही, बसायला बाक किती, हे कागदावर हवे.

आणखी एक अडचण तिथे कोर्टात गेली, तीही सांगतो, नाहीतर गच्चीशेजारी राहणारे माझ्यावर चिडतील. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या दहाव्या मजल्यावर चारही बाजूंनी फिरता येईल असा फुकट सज्जा होता. शेजारी काचेच्या भिंतींचे फ्लॅट. सज्जावरचे लोक शहर बघायचे सोडून यांची स्वयंपाकघरे बघू लागले, फोटो काढू लागले. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लॅटवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे काचेच्या भिंती नसल्या तरी दोरीवरची धुणी आणि पापड-कुरडया असतातच. तेव्हा ज्या बाजूला लोकांची घरे खेटून आहेत ती बाजू झाकावी, डोंगराची बाजू उघडी ठेवावी. साताऱ्यात डोंगराची बाजू शोधायला लागत नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, फुकट बघायला अख्खा अजिंक्यतारा आहे की! आहे. 3,300 फुटांवरचा, दरवाज्याजवळपर्यंत गाडी जाते, मंगळाईच्या देवळापाशी उभे राहिले की गाव पायाशी. पण अंधार पडायच्या आत खाली यावे लागते, वर चहा मिळेल याची खात्री नाही, गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाने रिक्षा ठरवून जायचे म्हटले तर ते फुकट राहत नाही. शिवाय किल्ल्यावरून किल्ला दिसत नाही. चारभिंतीचेच बघा. 1857 च्या हुतात्म्यांचे ते स्मारक आज आपण जाणतो, पण मुळात राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याचा सोहळा बघता यावा म्हणून ती जागा बांधली, तिला नजरमहाल म्हणत, असे जुने लोक सांगतात. बघण्यासाठी म्हणून वेगळी जागा बांधणारे हे गाव आहे.

आणि पूर्वी घरोघरी गच्ची किंवा माळवद होतेच. आमच्या वाड्याच्या माळवदावर कोजागिरीला सगळी आळी जमायची. दूध आटवायला शेगडी आमची, साखर ज्याच्या त्याच्या घरची. आता सोसायट्यांच्या गच्च्यांना कुलपे. पोरे पाण्याच्या टाकीत काहीबाही टाकतात, हे एक कारण. मोबाइलचा टॉवर भाड्याने दिला आहे, हे दुसरे. किल्ली सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी पुण्याला मुलाकडे असतो.

माझे मागणे लहान आहे. पोवई नाका, राजवाडा, बसस्थानकाच्या आसपास जी नवी व्यापारी संकुले उभी राहतील, त्यांना वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, देताना वरच्या गच्चीचा निदान चौथा हिस्सा लोकांसाठी मोकळा ठेवण्याची अट नगरपालिकेने घालावी. उरलेल्या भागात खुशाल हॉटेल चालवा. लिफ्ट त्या भागापर्यंत जावी, नाहीतर मालक म्हणेल ‘खुले आहे की’, आणि सहा जिने चढून फक्त कबुतरे येतील. गच्चीवर ताडपत्री, बांबू, प्लास्टिकची छपरे टाकून हॉटेल उभे करू देऊ नये आणि उतरायला दोन जिने असावेत. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत गच्चीवरच्या पबमध्ये 14 जीव गेले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. सध्या गावात ज्या गच्च्या सुरू आहेत त्यांतल्या काहींवर जाताना जिन्यात गॅसची टाकी ओलांडावी लागते. नगरपालिकेच्या माणसांनी एकदा तिथे जेवायला तरी जावे.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर आपण एवढे करा. पुढच्या वेळी गच्चीवरच्या हॉटेलांचे पान काढाल तेव्हा बिर्याणीच्या दराशेजारी एक रकाना वाढवा : ‘नुसते बघायला येऊ देतात का? हो / नाही’. एका जरी हॉटेलापुढे ‘हो’ आले, तर मी सौ.ना घेऊन त्याच संध्याकाळी जाईन. आणि गार वारा सुटला, तर दोन कॉफ्याही घेईन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
शुक्रवार पेठ, सातारा